मोरी शोधत निघालीस

बाईसाहेब,

परदेशात शिकायला गेलीस, पहिल्यांदा हॉटेलात जेवलीस आणि मैत्रिणी हसल्या म्हणून फोनवर माझ्यावर ओरडलीस. जेवण झाल्यावर तू म्हणे सगळ्यांचं खरकटं एका ताटात काढलंस, ताटं एकावर एक रचलीस आणि मोरी शोधत निघालीस. "तुझ्यामुळे माझी शोभा झाली, आई!"

अगं, खानावळीत मी भांडी घासायचे, तेव्हा तुला कुणी बोलावलं होतं? "सरक गं, तुझी बोटं सोललीत," म्हणत तूच विसळायला बसायचीस. ती पोरगी कुठं टाकलीस?

हे पत्र काही धाडत नाही, तुझी परीक्षा तोंडावर आली आहे. पण पुढच्या वेळी ताटं तिथंच सोडून ऊठ. उचलायला कुणाची तरी आई असेलच.

तुझी शोभा करणारी,
आई