सातवा पांढरा

प्रिय दादा,

धाकटीने थोरल्याला न विचारता असे लांबलचक पत्र लिहावे, हा आगाऊपणा आहे हे मला कळते. त्याबद्दल आधीच क्षमा मागते. हे फोनवर सांगता आले असते असे तू म्हणशील. पण फोनवर तू बोलतोस आणि मी ‘हो दादा’ म्हणते, हे आपल्या दोघांना पुरेसे ठाऊक आहे. लहानपणी तू मला ‘पंतोजी’ म्हणायचास, कारण तुझ्याहून सात वर्षांनी लहान असून तुझ्या निबंधांतल्या चुका मी लाल पेन्सिलीने काढायचे. पुढे तेच माझे पोटापाण्याचे काम झाले. छापखान्यात बसून मी दिवसभर परक्यांच्या चुका शोधते. घरातल्या चुकांपुढे मात्र माझी वाचा बसते, म्हणून कागदाचा आधार घेतला आहे.

तुझ्या खोलीचे फोटो तुला पोहोचले. ‘मस्त’ एवढा एक शब्द तुझ्याकडून आला, आणि तो मी आईला वाचून दाखवला. तो रंग कसा ठरला हे मात्र तुला कोणी सांगितलेले नाही. ऑगस्टमध्ये तू तिला फोनवर म्हणालास, “आई, घर रंगवून घे. सगळीकडे पांढरा दे. मी येतोय.” त्यातले शेवटचे दोनच शब्द तिच्या कानात राहिले. त्या दिवसापासून ती शेजारच्यांनाही ‘आमचा येतोय’ असे सांगू लागली. उरलेले तू मला वेगळ्या फोनवर सांगितलेस: की घराला गिऱ्हाईक मिळाले आहे, पांढऱ्या भिंती फोटोत मोठ्या दिसतात, आणि आईला इतक्यात सांगायचे नाही. मी ‘हो दादा’ म्हणाले. तू येणार होतास ते दोन दिवसांसाठी, किल्ली द्यायला. आई कुठे राहील असे मी विचारले तेव्हा तू म्हणालास, “बघू काहीतरी.” माझे तर मी विचारलेच नाही.

आईचे आणि पांढऱ्या रंगाचे नाते तुला माहीत आहे. तीस वर्षे तिने रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी तपासल्या. चादर दिव्याखाली न धरता ती खिडकीशी नेऊन धरायची, आणि तिने मान हलवली की ती चादर परत हौदात जायची. मोठ्या डॉक्टरीणबाईसुद्धा त्यावर बोलत नसत. तेव्हा ‘साधा पांढरा’ असे काही असते हे तिला कोण पटवणार? रंगारीकाकांनी डब्यातला पांढरा तुझ्या खोलीच्या भिंतीवर वीतभर चौकोनात लावून दाखवला. ती म्हणाली, “पिवळट आहे. मळक्या चादरीसारखा. उत्तरेची खोली आहे, पोराला आल्या आल्या उदास वाटायला नको.” काकांनी निळ्याचे दोन थेंब घालून शेजारी दुसरा चौकोन काढला. तोही पिवळट. असे आठ दिवस चालले. मी प्रत्येक चौकोनाखाली पेन्सिलीने आकडा घातला आणि वहीत नोंदी ठेवल्या: सकाळी आठला कसा दिसतो, भर दुपारी कसा, दिवा लावल्यावर कसा. मला सांगितलेले काम मी नीट करते, हा माझा जुना दोष आहे.

पाचव्या चौकोनापासून मला स्पष्ट दिसू लागले. दुधात पाणी जास्त झाले की भांड्याच्या कडेला जो निळसरपणा येतो, तो भिंतीवर आला होता. सातव्याला काकांनी ब्रश खाली ठेवला आणि म्हणाले, “वहिनी, आता थांबा. आणखी एक थेंब पडला तर भिंतीचं आभाळ होईल, मग पाखरं येऊन धडकतील.” आई म्हणाली, “तुम्ही भिंती रंगवा हो. पांढऱ्याचं मला शिकवू नका.” काकांनी माझ्याकडे पाहिले. पोरी, तू तरी बोल, असे ते पाहणे होते. मी मान खाली घालून वहीत लिहिले: सातवा, पसंत. दुसऱ्या दिवशी चारही भिंतींना सातव्याचा पहिला हात लागला, तिसऱ्या दिवशी दुसरा. आई दारात खुर्ची टाकून बसली होती आणि हसत होती.

दादा, मला कारण माहीत नव्हते असे नाही. जुलैमध्ये तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच नेले होते. मोतीबिंदू दोन्हीकडे पिकला आहे, त्यांना सगळे पिवळ्या काचेतून पाहिल्यासारखे दिसत असणार, असे ते म्हणाले होते. तेही मी त्याच वहीत लिहून घेतले होते, पाने उलटली की सापडेल असे. तरी मी बोलले नाही. तिला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले, असे मी स्वतःला सांगत असे. ते खोटे होते. त्या खोलीत कोणी राहायला येणार नव्हते हे मला ठाऊक होते. जी भिंत परक्याची व्हायची, तिचा पांढरा कोणता याने काय फरक पडतो, असे माझ्या मनात आले होते. तो विचार तुझा होता, पण केला मी. आणि तो करताना माझ्यासमोर आई बसली होती, तुझ्या उशीला कोणता अभ्रा घालावा हे ठरवत.

त्या खोलीबद्दल आणखी एक लिहिते. तक्रार म्हणून नको घेऊस. तुला जाऊन नऊ वर्षे झाली. नऊ वर्षे ती खोली दर आठवड्याला झाडली जाते, पलंगावरची चादर बदलली जाते आणि दार ओढून घेतले जाते. मी बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपते; माझी पुस्तके दिवाणाखाली खोक्यांत आहेत आणि हवे ते नेहमी तळाच्या खोक्यात असते. एकदा परीक्षेच्या दिवसांत मी तुझ्या टेबलाशी बसले होते. आई म्हणाली, “तिथे शाई सांडशील, त्याचं टेबल आहे.” मी उठले. मी नेहमीच उठते.

मग तुझे तपकिरी पाकीट आले. चार पाने, आणि जिथे सही हवी तिथे तू पेन्सिलीने फुल्या केलेल्या. बाबा गेल्यावर घर तिघांच्या नावावर झाले, म्हणून तिची सही आणि माझी. तू म्हणालास, “विम्याचे कागद आहेत म्हण. आणि ऑपरेशनच्या आधीच घे सह्या, नंतर ती वाचत बसेल.” हे वाक्य मी त्यानंतर कितीदा ऐकले असेन, छापखान्यात, रस्त्यात, भाजी निवडताना. त्यात एकही चूक नाही. इतके नीट वाक्य तू निबंधात कधी लिहिले नव्हतेस. मी कागद शब्दकोशात ठेवले. तू दोनदा विचारलेस, मी दोनदा ‘घेते’ म्हणाले. दरम्यान डोळ्यांच्या दवाखान्यातून ऑपरेशनसाठी फोन आला, की कोणाची तरी वेळ रद्द झाली आहे, तुम्ही याच गुरुवारी येऊ शकाल का. मी तुला न विचारता हो म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा माझा हो तुझ्यासाठी नव्हता.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी घरी आल्यावर आई आरशाकडे गेली नाही, देवघरासारखी जपलेली तुझी खोली आधी उघडली. मधोमध उभी राहिली. डावा डोळा तळहाताने झाकला, मग उजवा, मग पुन्हा डावा. “ह्या डोळ्याने पांढरी. ह्या डोळ्याने निळी.” लहान मुलीसारखे तिने ते सात-आठ वेळा केले. मग हसली आणि म्हणाली, “तीस वर्षं दुनियेच्या चादरी बघितल्या, आणि स्वतःच्या पोराच्या खोलीला नीळ जास्त झाली!” मी घाईघाईने सांगू लागले, की डॉक्टर म्हणालेत, नव्या डोळ्याला सुरुवातीला सगळेच जरा निळे दिसते. तिने मला थांबवले. “असेल. अर्धी नीळ डोळ्याची, अर्धी भिंतीची. मी विचारतेय ते वेगळंच. तुझे डोळे तर धड आहेत. तुला दिसत होतं?” मी हो म्हणाले. “मग बोलली का नाहीस?”

रंगारीकाका माझ्याकडे जसे पाहत होते तसेच ती पाहत होती, फक्त एका डोळ्याने. मी बाहेर गेले, शब्दकोश आणला, तुझे कागद काढले आणि तिच्या हातात दिले.

ती तुझ्या पलंगावर खिडकीकडे तोंड करून बसली. डाव्या डोळ्यावर हात ठेवून तिने चारही पाने वाचली, ओळीखाली बोट फिरवत. दोन वर्षांत तिने वर्तमानपत्राचा मथळासुद्धा स्वतः वाचला नव्हता. विजेच्या बिलापासून तुझ्या पत्त्यापर्यंत सगळे मी वाचून दाखवत असे. नव्या डोळ्याने तिने पहिल्यांदा वाचले ते हे. तुझ्या फुलीपाशी बोट थांबले, शेजारी तिचे नाव होते. कागद तिने घडीवर घडी घालून पूर्ववत केले, खिडकीच्या उजेडात धरले आणि म्हणाली, “कागद मात्र चांगला आहे. एकदम खरा पांढरा.” मला तिने त्या दिवशी जेवायला हाक मारली नाही. ते बरोबरच होते.

आता हे पत्र का, ते सांगते. ते चार कागद यासोबत परत पाठवत आहे. त्यांवर दोन्ही सह्या नाहीत. फुल्या आईने माझ्या खोडरबराने स्वतः खोडल्या. खुणा राहिल्या आहेत, चांगल्या कागदावरून पेन्सिल पुरती जात नाही. गिऱ्हाईकाला कळव. सोमवारी रंगारीकाकांना पुन्हा बोलावले. “मुलगा कधी येतोय, वहिनी?” असे त्यांनी सहज विचारले, आणि आई म्हणाली, “मुलाचं राहू द्या. खोली हिची आहे, हिला विचारा.” मग माझ्याकडे वळून तिने विचारले, “तुला कुठला पांढरा हवा?” दादा, माझ्या वहीत सात पांढऱ्यांच्या आठ दिवसांच्या नोंदी आहेत, आणि मी नुसती पाने उलटत राहिले. असे कोणी कधी विचारले नव्हते. शेवटी काकांनीच निळ्यावर एक चौकोन काढून ठेवला, बघून सांग म्हणाले. हे पत्र मी तुझ्या टेबलाशी बसून लिहिते आहे आणि आठवा समोर आहे. अजून ठरलेले नाही. फोन करायचा असेल तर कर. आई आता फोनवरचे नाव स्वतः वाचते, उचलायचा की नाही ते तीच ठरवील. तुझ्यासाठी काही निरोप आहे का, असे मी तिला दोनदा विचारले. दुसऱ्यांदा तिने पाकीट मागून घेतले, तुझा पत्ता नीट आहे ना तेवढा तपासला आणि परत दिले.

तुझीच,
पंतोजी

पोस्टाच्या खिडकीवर दिले: शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे.