नवख्याला कसं कळणार?

कॅन्सस,
१४ ऑक्टोबर २०२३

प्रिय व्हर्नी,

कशी आहेस? पाय दुखायचा थांबला का? इकडे माझे गुडघे हवामान खात्याच्या आधी थंडीची बातमी देतात. माझ्या धनुष्यांना लाकूड देणाऱ्या, कुंपणाकडेच्या हेजच्या झाडांनी यंदा मोसंबीएवढ्या हिरव्या फळांचा नुसता सडा घातलाय. काल एक फळ ट्रकच्या टपावर असं आदळलं की मला वाटलं, कुणी दगडच मारला.

इतकं लांब पत्र बघून तू दचकली असशील. इतकी वर्षं नाताळच्या कार्डावर खाली नुसतं नाव लिहिणारा माणूस एकदम बोलायला लागला म्हणजे मरायला टेकलाय, असं समजू नकोस. मी ठणठणीत आहे.

तर झालं असं. आमच्या गावच्या ग्रंथालयातली ट्रूडी मागच्या महिन्यात खोकं घेऊन दारात उभी. म्हणाली, "एल्डन, हिवाळ्यात तुमचा लाकडी धनुष्यांचा वर्ग लावलाय. दहा नावं आलीत, आणि एकानंही आयुष्यात रंधा धरलेला नाही. या आठ पुस्तकांतून नवख्यांसाठी तीन निवडून द्या."

मी म्हटलं, "मी पुस्तकं वाचून थोडाच शिकलो? लाकडं मोडून शिकलो."

"म्हणून तर तुमच्याकडे आले. त्यांची लाकडं मोडायला नकोत," म्हणाली. पोरगी तोंडाची फटकळ आहे, तुला आवडेल.

पुस्तकं घेऊन खिडकीत बसलो. एक जाडजूड, फोटो असे की चाटून घ्यावेत; पण ज्यानं पन्नास धनुष्यं केलीत त्याच्यासाठी. दुसरं गुहेतल्या माणसापासून सुरू होतं आणि नव्वदाव्या पानापर्यंत हातात लाकूड येत नाही. तिसऱ्यात यंत्रंच इतकी की शेत विकावं लागेल. शेवटी मी एक कसोटी ठरवली. धनुष्याची पाठ कुठली, म्हणजे बाण सोडणाऱ्यापासून लांबची बाजू कुठली, आणि त्या पाठीवर लाकडाचं एकाच वर्षाचं वलय या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग ठेवायचं, त्याला सुरी लागू द्यायची नाही, हे पुस्तक किती लवकर सांगतं? सांगतं का तरी? कारण ते वलय कापलं की पहिल्या दहा बाणांत धनुष्य मोडणार. तीन पुस्तकं कसोटीला उतरली. त्यातलं एक तर साधं, हातानं काढलेल्या चित्रांचं. 'साल होती ती बाजू' असं बाण काढून दाखवलंय. वाचून बरं वाटलं.

पण खोक्यात सगळ्यात वर ट्रूडीनं नववं पुस्तक ठेवलं होतं. आपलं. चाळीस पानांचं, मी लिहिलेलं, तू टाइप केलेलं. तिला ते वर्गासाठी पुन्हा छापायचंय. "तुमचं तर हवंच," म्हणाली.

व्हर्नी, आता मी गुडघ्यांबद्दल आणखी दोन पानं लिहू शकतो. पण लिहीत नाही.

आपल्या पुस्तकाच्या अकराव्या पानावर ती पाठीच्या वलयाची गोष्ट नाही, हे मला ठाऊकच होतं. ओंडका फाडला की आपण थेट आकार द्यायला लागतो. हार्लन व्होग्टनं तेच वाचून धनुष्य केलं, ते ताणताना मोडलं आणि भुवईवर चार टाके पडले. नंतर धनुष्यवाल्यांच्या मेळाव्यात तो माझ्या टेबलाशी येऊन तणतणला, तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणालो, "बहिणीनं टाइप करताना ओळ गाळली." तू मागेच उभी राहून निळ्या भांड्यात भाजून आणलेला रुबार्बचा गोड 'पाय' कापत होतीस. तू सुरी पुसलीस, ठेवलीस आणि गाडी काढून गेलीस. भांडंही नेलं नाहीस.

मी म्हटलं, आता ती गाळलेली ओळ माझ्या मूळ कागदांवरून उतरवून घेऊ. बियाण्याच्या डब्यातून कागद काढले. ओळ नव्हती, व्हर्नी. मी ती लिहिलेलीच नव्हती. इतकी वर्षं मी शपथेवर सांगितलं असतं की लिहिली होती.

आणि समासात तुझ्या पेन्सिलीनं होतं: "इथे कुठली बाजू वर? नवख्याला कसं कळणार?"

त्याखाली माझं अक्षर: "एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. पुढे टाइप कर."

 तू ओळ गाळली नव्हतीस. तू ती मागितली होतीस.

दुसऱ्या दिवशी ट्रूडीला सांगितलं. मग हार्लनला फोन केला. तो म्हणाला, "म्हणजे त्या बिचाऱ्या बाईला मी सत्तावीस वर्षं उगाच शिव्या घातल्या?"

"हो."

"थांब मग. आता तुला घालतो."

आणि घातल्या की! चांगली दहा मिनिटं. काही तर मला नव्याच होत्या. मग विचारतो, "बरं, माझ्या नव्या धनुष्याची डावी बाजू वाकतच नाही, ताठ राहतेय, काय करू?" फोन ठेवला तेव्हा पाठीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. त्या दुपारी मी खुर्चीतच गाढ झोपलो.

पण खरी माफी मागायची ती तुझी. मी तुझ्यावर खोटा आळ घेतला, आणि नंतर एकदाही ते कागद उघडून पाहिले नाहीत. बहुतेक मनातून भीतीच होती. मला माफ कर.

ट्रूडीला मी सांगितलंय, तुझा होकार आल्याशिवाय छापायचं नाही. छापलं तर तुझा प्रश्न अकराव्या पानावर, त्याखाली उत्तर, आणि वर दोघांची नावं. भांडं निळंच आहे अजून, कुठेही टवका उडालेला नाही.

तुझा,
फार उशिरा वाचायला शिकलेला
एल्डन

---

२१ ऑक्टोबर

प्रिय एल्डन,

पाय बरा आहे. तू मरायला टेकला नाहीस हे वाचून बरं वाटलं; इतकं लांब पत्र बघून मी खरंच खुर्ची ओढून बसले होते.

मी काय टाइप केलं आणि काय नाही, हे मला माहीत नसणार का रे? मेळाव्यातून घरी येईपर्यंत रडले. मग ठरवलं, कागद त्याच्याच डब्यात आहेत, कधीतरी उघडेल. तू डबा उघडायला सत्तावीस वर्षं घेशील असं वाटलं नव्हतं. पण उघडलास, आणि लपवलं नाहीस. पत्र दोनदा वाचलं आणि उठून अंगणात फिरून आले. बरं वाटतंय. फार बरं वाटतंय.

माफ केलं. छापा. नावं दोघांची, पण आधी माझं.

टाइप मीच करीन. मात्र या वेळी विचारलेल्याची उत्तरं द्यायची. माझी प्रत काढून बसलेय. पान चौदा: "थोडं वाकवून पाहा." थोडं म्हणजे किती? पान एकोणीस: "लाकूड सुकलं की." सुकलं हे कशावरून ओळखायचं? असे तेवीस प्रश्न झालेत आणि अजून अर्धं पुस्तक बाकी आहे.

थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला ये. भांडं घेऊन ये, आणि रिकामं आणू नकोस.

तुझी,
एकही ओळ न गाळणारी
व्हर्ना