खंड्याचं खोबरं

मामंजींना नमस्कार.

आईला एकाएकी जास्त झालं म्हणून दादा न्यायला आला. मोहोळला जाते आहे. तुम्ही बाजारातून येईपर्यंत थांबले तर गाडी चुकेल. आमटी चुलीवर आहे, भाकऱ्या दुरडीत.

खंड्याला बांधून ठेवलंय. कुत्री मारायला कुणीतरी विषाचं मटण टाकत फिरतंय. सकाळी शेजारच्या बजाबाईंची कुत्री तडफडून मेली. "शकू, तुज्या खंड्याला जप गं," म्हणत त्या रडत होत्या. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय.

खाली पडलेलं सोडून हातातलंच घ्यायचं, असं मी त्याला शिकवते आहे. भाकरीच्या तुकड्याला तो दाद देत नाही, गूळ दिला तर हातच चाटत बसतो. सुक्या खोबऱ्यासाठी मात्र पुढ्यातलं हाडूकही सोडतो. खोबरं फडताळात आहे. पुढ्यात हाडूक टाकून आधी "नको" म्हणा, त्यानं तोंड फिरवलं की "घे" म्हणून तळहातावर द्या.

रागावू नका, पण जेवताना तुम्ही हळूच पाटामागं त्याला मटण टाकता, हे मला ठाऊक आहे. अंगणात तुकडा दिसला, तर तो तुम्हीच टाकला असं समजून तो खाईल.

शकुंतला