सातशे ब्याण्णवचा आकडा

बंगळूर,
१२ नोव्हेंबर १९८९

प्रिय किसन,

परवा घोटावड्यात तुझ्या दारात आलो, पाणी प्यायलो आणि काही न बोलता निघालो. तोंडानं जमलं नाही म्हणून लिहितोय. उरवड्याच्या कारखान्यातून पाळी संपवून दमून आला असशील, तरी शेवटपर्यंत वाच.

कॉलेजच्या कॉम्प्युटरवर आपल्या दोघांत आठवड्याला एक तास मिळायचा, काम मात्र ज्याचं त्यानं वेगळं द्यायचं. रेडिओसाठी आवाज वाहक लहरीवर कसा चढवतात, ते सर्किट कॉम्प्युटरवर चालवून दाखवायचं होतं. मी शहाण्यासारखी दोन्ही लहरींची नुसती बेरीज केली आणि प्रिंटरनं फुल्यांची वेडीवाकडी रांग छापली. तू पोट धरून हसलास. येड्या, बेरजेनं न्हाई जमत, गुणाकार पायजे, म्हणालास. तो तू घातलास, आणि कागदावरची लहर आवाजाबरोबर फुगायला-आकसायला लागली. प्रश्नात हजार किलोहर्ट्झ दिले होते. तू हट्टानं सातशे ब्याण्णव घातलेस, कारण तुझ्या वडिलांच्या, तात्यांच्या रेडिओवर पुणे केंद्र तिथंच लागायचं. बदलू नंतर, म्हणालास, तोवर तास संपला.

पुढच्या आठवड्यात तू तापानं पडलास. मी तुझी फ्लॉपी घालून तेच सगळं माझ्या नावानं छापलं. घाईत आकडाही बदलला नाही.

तोंडी परीक्षेला माझा नंबर आधी होता. हा आकडा कुठला, असं परीक्षकांनी विचारलं. मी घाबरून म्हणालो, पुणे केंद्राचा, वडील रेडिओ ऐकतात. मग तू आत गेलास, तुझ्याही कागदावर तोच आकडा, आणि तेच सांगितलंस. तुझं खरं उत्तर त्यांना पढवलेलं वाटलं. दोघांना समोर उभं करून नक्कल कोणाची, असं विचारलं तेव्हा तू माझ्याकडे पाहत राहिलास. मी गप्प. त्यांनी आपली आडनावं वाचली आणि ठरवून टाकलं. ते तसंच ठरवणार हे मला कळलं होतं, किसन, आणि मला हायसं वाटलं होतं. आता स्वतःची किळस येते.

तुझी शिष्यवृत्ती गेली, कॉलेज सुटलं. मला इथं नोकरी लागली. पण एक गोष्ट तुला माहीत नाही. इकडे येण्याआधी तात्यांनी मला एसटीच्या थांब्यावर गाठलं होतं. कॉलेजचं पत्र खिशात घेऊन आले होते. “तू संगं व्हतास. आमच्या किसननं खरंच नक्कल केली का रं?” मी म्हणालो, मला ठाऊक नाही, तात्या. ते नीट जा म्हणाले.

परवा मी त्यांनाच खरं सांगायला आलो होतो. तीन वर्षांत रजा मिळाली नाही असं नाही, धीर झाला नाही. एसटीतून उतरलो तर तुम्ही त्यांना स्मशानात पोचवून परत येत होतात. मी बातमी ऐकून आलो असं तुला वाटलं. बघा, माझा दोस्त बंगळूरहून आला, असं तू सगळ्यांना सांगितलंस. प्राचार्यांना सगळं लिहून कळवलंय, त्याची प्रत सोबत आहे. तुझ्यावरचा ठपका कदाचित पुसतील. पण तात्या गेले ते आपल्या मुलानं चोरी केली असं समजून, आणि ते माझ्यामुळे. माफ कर असं म्हणायचं तोंड नाही. एवढंच कर, हे पत्र तुझ्या आईला, चांगुणाकाकूंना वाचून दाखव. त्यांना तरी वेळेवर कळू दे.

म्हणवत नाही, तरीही तुझाच,
वाल्मीक