बिनयंत्राचा फॅक्स

तीर्थरूप भावोजींना साष्टांग नमस्कार (गुडघा आखडल्यामुळे आठातलं एक अंग कमी पडतंय, तेवढं चालवून घ्यावं).

आपली पाठ आता कशी आहे? सकाळचा फेरफटका पुन्हा सुरू झाला आणि तुम्ही चांगले तास-दीड तास बाहेर असता, हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. फेरफटका सोडू नका. उलट जमल्यास वाढवा. इकडे आई ठणठणीत आहे, ही बरी आहे, आणि मी आज इतका खुशीत आहे की दाढी करताना आरशातल्या माणसाचा मलाच हेवा वाटला.

कारण असं, की आपला फॅक्स सुरू झाला. मागच्या भेटीत तुम्ही भर पंगतीत मला म्हणाला होतात, "कवळ्या करणाऱ्याने कवळ्याच कराव्यात. इंटरनेट आणि फॅक्स स्वस्तात होत नसतो. माझ्यासारखं रीतसर थाटायचं, नाहीतर गप्प बसायचं!" आणि बोट दाखवलंत ते तुमच्या बैठकीतल्या यंत्राकडे. (निवृत्तीनंतर उद्योगांना सल्ले देण्यासाठी तुम्ही ते घेतलंत. ताईने त्याला विणलेला रुमालही घातलाय. सल्ला मागणारा फॅक्स अजून यायचाय, पण रुमाल सुरेख आहे.) मी तेव्हा जेवत राहिलो. तोंडात घास होता, आणि घास तुमच्या घरचा होता.

आता तुम्ही विचाराल, या काळात फॅक्स कशाला? मीही तेच विचारलं. तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या कारखान्याचं (दोन खोल्या, एक भट्टी, मी, ही आणि फोनपाशी बसलेली आई) निम्मं पोट मोठ्या रुग्णालयाच्या दंतविभागावर चालतं. तिथल्या भांडाराच्या बाईंनी फर्मान काढलं, की यापुढे कवळ्यांची मागणी फक्त फॅक्सने येईल आणि तिची पोचही सहीशिक्क्यासह फॅक्सनेच, सकाळी दहाच्या आत, परत गेली पाहिजे. (ईमेलवर त्यांचा विश्वास नाही. ज्याला शाई लागत नाही ते लेखी कसलं, असं त्यांचं म्हणणं.) महिनाअखेरपर्यंत ज्याची सोय होणार नाही, त्याचं काम बत्तीशीला. बत्तीशी म्हणजे आमच्या समोरचा कवळीवाला. आपल्याच मालाची जाहिरात म्हणून हा गृहस्थ अंत्ययात्रेतही हसत चालतो.

तेव्हा मी आधी इंटरनेट कंपनीच्या विक्रेत्याला बोलावलं. टाय इतका आवळलेला, की शब्द गाळून बाहेर यायचे. त्याने विचारलं, धंदा काय? म्हटलं, कवळ्या. त्याने पापणीही न लववता आम्हाला चारशे वाहिन्या सुचवल्या. शिवाय फॅक्सची लाइन वेगळी, यंत्र वेगळं, यंत्राचा विमा वेगळा. सगळी बेरीज ऐकून ही म्हणाली, "अहो, एवढ्यात आपण रुग्णालयच घेऊन टाकू की!" विक्रेता वहीत तेही टिपून घेत होता.

मग खालचा झेरॉक्सवाला. त्याच्याकडे फॅक्स आहे आणि पानागणिक पैसे, म्हणजे स्वस्त. फक्त तो आलेला कागद वर आणून देत नाही, रस्त्यातूनच वाचून दाखवतो. "ओ कवळीवाले, संगीत मास्तरीणबाईंची वरची आली हो! आणि खालची दुरुस्तीला!" मास्तरीणबाई नेमक्या आमच्याच वरच्या मजल्यावर राहतात आणि त्या वेळी खिडकीत उभ्या होत्या. त्यानंतर दोन दिवस त्यांनी फक्त दुःखी राग शिकवले.

म्हणून मी जुन्या बाजारातून एक यंत्र आणलं आणि घरच्याच फोनला जोडलं. (हसू नका.) आता फोन वाजला की यंत्र आणि आई यांची शर्यत लागायची, आणि आई आजवर कोणाला हरलेली नाही. ती फोन उचलायची, पलीकडून फॅक्सची ती जीवघेणी किंकाळी यायची, आणि ही माउली म्हणायची, "अरे बाळा, किती रे कळवळतोस! लवंग धर दाढेखाली. आणि आधी डॉक्टरकडे जा, आमची पाळी सगळं पडल्यावर!" फॅक्स पुन्हा यायचा, आई पुन्हा धीर द्यायची. शेवटी ती देवदर्शनाला गेली असताना काही कागद आत आले. आमच्याकडे पूर्वापार पद्धत अशी, की मागणीचा कागद त्या त्या साच्याखाली ठेवायचा आणि साचा भट्टीवरच्या फळीवर वाळत घालायचा. या यंत्राचा कागद उष्णतेने उमटणारा असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तासाभरात सगळे कागद काळे कुळकुळीत. कोणाची वरची, कोणाची खालची, कोणाला पांढरे दात हवेत नि कोणाला वयाला शोभणारे, सगळं एका अंधारात. भांडाराच्या बाईंना फोन करून पुन्हा मागणी मागितली, तर म्हणाल्या, "बत्तीशींकडे कागद पांढरेच राहतात म्हणे."

भावोजी, तो घाव वर्मी लागला. आणि तिथेच मला युक्ती सुचली.

आधी मास्तरीणबाईंची माफी मागितली, खालची कवळी फुकटात बसवून दिली आणि त्यांचं इंटरनेट निम्म्या खर्चात वाटून घेतलं. त्यांच्या खिडकीतून वायर आमच्या खिडकीत आली आहे. (वायरीबरोबर रियाजही येतो, पण त्याचा वेगळा आकार नाही.) फॅक्ससाठी मात्र अशी सोय केली, की आपल्याकडे यंत्रच नको. मागणी दूरच्या एका केंद्रावर उतरते. तिथे एक अत्यंत विश्वासू व्यक्ती तिचा फोटो काढून मला पाठवते आणि आमचा शिक्का मारून पोचही तिथूनच धाडते. महिन्याचं भाडं काही नाही. आणि सेवा इतकी मायेची, की मागणीच्या फोटोखाली "चहा घेतलास का?" असंही विचारतात. कुठली कंपनी विचारते हो?

महिनाअखेरीला बाईंनी चाचणी घेतली. त्यांचा चहा निवायच्या आत आमची पोच त्यांच्या टेबलावर! त्यांनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, "काम चोख आहे. आणि तुमचं अक्षर एकदम सुधारलंय हो." त्याच सकाळी बत्तीशीच्या रीतसर थाटलेल्या यंत्रात कागद अडकला आणि त्याचंही निम्मं काम आमच्याकडे आलं. संध्याकाळी तो दारात उभा होता. तोंड मिटून! इतक्या वर्षांत प्रथमच आम्हाला त्याचे ओठ दिसले.

तेव्हा भावोजी, स्वस्तात होतं. लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर क्षमा करावी, पण आमच्याकडे दातांना तोटा नाही.

आपला विजयी मेहुणा

ता. क. गुरुवारी आमचं केंद्र बंद पडलं आणि मी पोच देता देता राहिलो. चौकशी केली तेव्हा कळलं, की कोणीतरी फेरफटक्याहून लवकर परतलं आणि मोबाइल चार्जिंगला लावण्यासाठी यंत्राची पिन उपसली. भावोजी, हात जोडून विनंती, रुमालाखालची ती पिन काढत जाऊ नका. चार्जिंगला खिडकीशेजारी दुसरी जागा आहे.

ता. क. चष्म्याच्या खणात एक अनोळखी शिक्का सापडेल. तो आमचा. असू दे तिथेच.

ता. क. ताईवर रागावू नका. ती म्हणते, ते यंत्र पहिल्यांदा वाजलं तेव्हा तिला भरून आलं. आणि तुमच्या केंद्राला अखेर गिऱ्हाईक मिळालं, हे तुम्ही लक्षात घ्या. फी बुडवणार नाही. तुमची खालची कवळी बोलताना हलते असं कळलं, ती मी नवी करून देतो. माप फॅक्सने येत नाही, म्हणून तुम्हाला यावं लागेल. एकटेच या. ताईला सकाळी काम असतं.