बियाण्याची चिठ्ठी

मास्तर, इतक्या उशिरा लिहितोय, माफ करा. कर्जतच्या भातगिरणीच्या कोठारात तुम्ही चिठ्ठ्या लिहायचात, मी पोती भरडायला द्यायचो, दिवसभर समोरासमोर असायचो, तरी बोलायचं ते राहिलं आणि तुम्ही गेलात. आता माझ्या धाकट्या मुलीमुळे सगळं पुन्हा डोक्यात गरगरतंय. ती ग्रंथालयाचा कोर्स करते. परवा भाकऱ्या थापता थापता सांगत होती, की खूण म्हणजे वस्तू नव्हे, आणि खुणेवरून आपण समजतो ते आणखी तिसरंच. पुस्तकाची माहिती कार्डावर लिहायची, तर आधी जगात कोणकोणत्या प्रकारच्या वस्तू आहेत ते ठरवावं लागतं. याची म्हणे मोठी शास्त्रं आहेत. मी चौथीपर्यंत शिकलेला. निम्मं कळलं नाही, आणि जे कळलं त्यानं तुमच्या चिठ्ठ्या आठवल्या.

आपल्याकडे पोत्यावर ज्याच्या त्याच्या घराची चुन्याची खूण असायची. कुणाची चंद्रकोर, कुणाच्या तीन रेघा. त्यावरून घर कळायचं, आत काय आहे ते नाही. ते असायचं पोत्याच्या तोंडाशी सुतळीनं बांधलेल्या तुमच्या चिठ्ठीवर: लवकर पिकणारं हळवं की उशिरा येणारं गरवं, जाड की बारीक, भरडायचं की बियाणं. एकदा मी विचारलं, "मास्तर, एका भाताला इतकं कशाला लिवायचं?" तुम्ही हसलात. "भात एकच हाय रं. शेतकरी इचारतो कधी पिकंल, गिरणीवाला इचारतो किती तुटंल, घरची बाय इचारते पेज कशी व्हईल. तू कोणाचं खरं धरशील?"

त्या वर्षी उंदीर चिठ्ठ्या कुरतडायला लागले. तुम्ही दोन दिवस खालापूरला गेला होता. मी हुशारी केली. सगळ्या चिठ्ठ्या सोडल्या, पोती लावली होती त्याच क्रमानं तारेत ओवल्या आणि तार उंच खिळ्याला टांगली. दुसऱ्या दिवशी जमिनीला ओल आली, म्हणून हमालांनी पोती पलीकडच्या भिंतीला हलवली आणि क्रम मोडला. कशेळ्याकडच्या एका विधवेची दोन पोती होती. एक भरडायचं, दुसरं बियाणं; घर गळतं म्हणून तिनं तेही आपल्याकडेच ठेवलेलं. दोन्हींवर तीच चंद्रकोर. मी खूण बघितली आणि दोन्ही भरडायला दिली. खूण बरोबर होती, मास्तर. घरही बरोबर होतं. मग चुकलं कुठे, हे मी स्वतःला किती वेळा विचारलंय.

पेरणीच्या तोंडावर ती आली. पांढरे तांदूळ ओंजळीत घेऊन तुमच्यासमोर उभी आहे, "मास्तर, ह्याला कोंब फुटंल का?" तुम्ही माझ्याकडे वळता. "चिठ्ठ्या कुठं हायत रं?"

"उंदरांनी खाल्ल्या."

तुम्ही खिळ्याकडे पाहिलंत. ती येतेय हे कळताच तार मी सकाळीच काढून लपवली होती. मग तुम्ही तिला म्हणालात, "बाय, माज्या हातून झालं." ते बी तिच्या सासूपासून चालत आलेलं, दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. तुम्ही पाड्यापाड्यांतून विचारत हिंडलात. मिळालं नाही.

ती अजून आहे. गेल्या आठवड्यात कशेळ्याच्या बाजारात भेटली. कुणाला तरी सांगत होती, "त्या मास्तरानं माजं बी भरडलं." मी घुटमळलो, तर म्हणाली, "कोण रं तू?" म्हटलं, "कोणी नाय, आजी." आणि जीपमध्ये जाऊन बसलो.

तिची चिठ्ठी समोर आहे, पेटीत जपलेली. तुमचं अक्षर: बियाणं, भरडू नये. पोतं गेलं, ते भातच जगातून गेलं, मग ही आता कशाची खूण, ते मुलीला विचारावं तर चिठ्ठी कुठून आली हेही सांगावं लागेल. उद्या त्या आजीलाच नेऊन द्यावी म्हणतो. पण तिला वाचता येत नाही. नुसती चिठ्ठी देऊन भागायचं नाही, तोंडानंच सांगावं लागेल, आणि ते मला अजून जमत नाही. जाऊ का, मास्तर? पाकिटावर पत्ता घातलेला नाही, तरी लवकर कळवा. ती फार थकलीय.