मग लपवता कशाला?

मालवण, मंगळवार, दिवेलागण

आज धक्क्यावर सगळ्यांनी फोनवरचं ते निरोपाचं अ‍ॅप काढून टाकलं. मीही काढलं. समुद्रात रेंज नसते, म्हणून ह्यांचा निरोप परतणाऱ्या होडीवरच्या कुणाच्या तरी फोनातून यायचा. आणणाऱ्यालाही तो वाचता येत नसे. धक्क्यावर आलेल्या पोलीस साहेबांना नेमकं तेच खुपलं. सुरक्षेच्या कायद्याने बंदी आलीय म्हणाले.

"साहेब, आम्ही घरातलंच बोलतो," मी म्हटलं.

"मग लपवता कशाला?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी अ‍ॅप काढून फोन साहेबांना दाखवला.

आता निरोप तोंडी. मघाशी शेजारचे भाऊजी समुद्रावरून आले, दारातूनच म्हणाले, "वयनी, तो बरो आसा. मी उद्या परत जातंय. तुमचो काय निरोप?"

"सगळा बरा आसा म्हणान सांगा."

लपवता कशाला, म्हणे! चार माणसांत हे माझ्याकडे मान वर करून बघतसुद्धा नाहीत. समुद्रावरून मात्र रोज विचारायचे, "आज खंयची साडी नेसलंस गो?"

हिरवी नेसलेय. हे भाऊजींना कसं सांगू?